आधी चहा, मंग फोल्डर

“या घरात कोण कुणाशी बोलत न्हाई?”

मामा दाराबाहेर चपला काढतानाच हा प्रश्न विचारायचे. अजून पाण्याचा तांब्या पुढं आलेला नसायचा, कंप्युटर कुठल्या खोलीत आहे हेही त्यांना माहीत नसायचं. घरातली माणसं एकमेकांकडं बघायची. एखादा उगाच हसायचा. एखादी बाई पदर सावरत आत निघून जायची. ती गेली त्या दाराकडं बघून मामा मान हलवायचे आणि म्हणायचे, “बराबर. चहा मांडा. मंग मशीन बघू.”

जालन्यात तेव्हा बऱ्यापैकी घरांत एकाचे दोन-तीन कंप्युटर झाले होते. खाली दुकानाचा, माडीवर पोरांचा, मधल्या खोलीत पत्रिका जुळवणाऱ्या सुनेचा. एकाची फाइल दुसऱ्याला दिसावी म्हणून मध्ये हबचा डबा बसवायचा, निळी वायर जिन्यावरून ओढायची आणि एखादं फोल्डर सगळ्यांसाठी मोकळं सोडायचं. डबा विकणारे ढिगानं होते. पण काल दिसणारं फोल्डर आज दिसेना झालं की दुकानदार फोन उचलत नसत. मग लोक मामांना बोलवत. ते कुणाचे खरे मामा होते ते मला कधीच कळलं नाही.

मामा आधी टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. परतूरहून जालन्याला बोलायचं तरी कॉल लावून ताटकळत बसावं लागायचं, त्या काळात अख्ख्या गावाची बोलणी त्यांच्या बोटांखालून गेलेली. पुढं यंत्र आलं, बोर्ड गेला, मामांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. पण डाव्या कानावर तो हेडफोन इतकी वर्षं बसला होता की मान कायमची डावीकडं कलली. कंप्युटरपुढं ते असे कान देऊन उभे राहायचे, की जणू आत कुणीतरी कुजबुजतंय. “मी लोकांच्या लाइनी जोडल्या, ऐकलं कधीच न्हाई,” असं छातीवर हात ठेवून सांगायचे. हे धादांत खोटं होतं. जालन्याच्या मस्तगड भागातलं कुठलं लग्न कुणाच्या तोंडामुळं मोडलं हे त्यांना तोंडपाठ होतं, ते काय स्वप्नात दिसलं होतं?

त्यांचा सिद्धान्त एकच. “वायर तुटती, डबा जळतो, ते कुणीबी बघून घेईल. पण सगळं शाबूत असून फोल्डर दिसून न्हाई राह्यलं, म्हणजे घरात माणूस हललंय. मशीन रुसत न्हाई.” म्हणून चहा. घरातल्या सगळ्यांनी एका खोलीत बसून प्यायचा, ही अट. कुणी कुणाच्या हातात कप दिला, कुणाचा नुसता फरशीवर ठेवला, ‘मला नको’ कोण म्हणालं, हे मामा कपाच्या काठावरून बघत. तेवढ्यात एका हातानं पिंग करून घेत. पिंगला ते हाक म्हणायचे. एका मशीननं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली की ते समाधानानं सांगायचे, “माणूस घरात आहे. भेटायचं न्हाई म्हणतो, एवढंच.”

बियाण्यांचा धंदा करणाऱ्या दोन भावांची गोष्ट तर ते पाहिजे तिथं सांगायचे. भावांनी एकाच दिवशी दोन कंप्युटर आणले, आणि एकमेकांना न विचारता दोघांनीही आपापल्या मशीनला नाव दिलं ‘मालक’. एका नेटवर्कवर एका नावाची दोन मशीनं चालत नाहीत. हे नाव आधीच आहे, असं पडद्यावर यायचं. थोरला म्हणायचा धाकट्यानं बदलावं, धाकटा म्हणायचा त्यानं का बदलावं. दुकानाचा हिशेब माडीवर दिसेना, माडीवरची मागणी दुकानात दिसेना. मामांनी दोघांना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या आईला विचारलं, “माय, खरा मालक कोण ते सांगा, तेच लिहितो.” म्हातारी शेंगा फोडत होती. म्हणाली, “दोघंबी नोकर लिहा.” त्या घरात पुढं कितीतरी वर्षं ‘नोकर-एक’ आणि ‘नोकर-दोन’ ही मशीनं एकमेकांना बिनतक्रार फायली देत होती. मामा मला सांगायचे, “दोन नोकर नांदतात गं, दोन मालक न्हाई.”

पण त्यांना देव करू नका. मामा सपशेल चुकायचेही, आणि चुकल्यावर त्यांना लाज म्हणून नसायची. एका घरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोल्डर दिसेना. मामांनी चहा मांडला, सासू-सुनेला समोरासमोर बसवलं आणि दोघींकडून खोदून खोदून काढलं. पातेल्यापासून सुरुवात झाली ती बारशाच्या साडीपर्यंत गेली. दोघी रडल्या. सून माहेरची पिशवी भरायला उठली. तेवढ्यात घरातल्या कुणीतरी डब्यावरची झेंडूची माळ उचलली. दसऱ्याला अवजारं पूजेला बसवतात, त्या दिवशी ती कामाला लावायची नाहीत, म्हणून सासूनंच डब्याची पिन काढून वर हळदकुंकू वाहिलं होतं. परत लावायची राहून गेली, बस. भांडण नव्हतंच, ते मामांनी लावलं. मी तिथं आमच्या संघटनेची पत्रकं द्यायला गेले होते. रस्त्यावर येऊन मी त्यांना सुनावलं, “मामा, तुम्ही एका चांगल्या घराचं वाटोळं केलं.”

“वायर लागली का न्हाई?”

“पिन होती ती!”

“अन् बारशाच्या साडीचं आतल्या आत सडून राह्यलं होतं, ते निघालं का न्हाई? एका फेरीत दोन कामं झाली,” म्हणत मामा निघून गेले, मान डावीकडं, सायकल उजवीकडं.

मला ते नावानं हाक मारत नसत. ‘ए पत्रक’ म्हणायचे. मी पत्रकासारखी बोलते, असं त्यांचं म्हणणं. मग कसं बोलायचं? ज्या गोष्टीची चीड येते ती गोष्ट कुजबुजून सांगायची? मी तेव्हाही मोठ्यानं बोलायचे, आताही बोलते.

आमची संघटना भाऊंच्या घरातून चालायची. भाऊ म्हणजे आमचे नेते. त्यांचं एक भाषण ऐकून मी कॉलेज सोडून या कामात उतरले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. आमचं प्रत्येक पत्रक वहिनींनी टाइप केलेलं असायचं आणि एकाही पत्रकाखाली त्यांचं नाव नसायचं. समोरच्या खोलीत माझा कंप्युटर आणि प्रिंटर, मधल्या खोलीत वहिनींचा, माडीवर भाऊंचा. वहिनींच्या मशीनवर ‘पाणी’ नावाचं फोल्डर होतं, ते तिघांनाही मोकळं. दारावर मी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता : ‘इथे कोणतीही माहिती कुणाच्या मालकीची नाही.’ दुनियेकडं माहिती मागायची आणि आपली दडवायची, हे मला जमणारं नव्हतं.

ते ‘पाणी’ होतं भोकरदन तालुक्यातलं. धावड्याकडं जाताना मेंढपाळांची एक वस्ती लागते. वस्तीसाठी टाकी झाली होती, पाइप झाला होता. पण वस्तीकडं पाणी सोडायचा वॉल उत्तमराव नावाच्या बागायतदाराच्या बांधाला होता, आणि त्या वॉलची चावी उत्तमरावाच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली. त्याच्या मनात आलं तर पाणी. वस्तीतल्या बायका आमच्या टेपवर बोलल्या, वहिनींनी कानाला टेप लावून शब्दाला शब्द टाइप केलं. गयाबाई नावाची बाई सगळ्यांत कमी बोलली होती : “उत्तमराव चावी देत न्हाई. मागायला गेलं की म्हणतो, आधी माझी निंदणी करून द्या. लेकरं खदानीतलं पाणी पितेत.” बास, एवढंच. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढी ताकद नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीत जनसुनवाई. तालुक्याचे अधिकारी येणार, प्रत्येकाच्या हातात या जबान्यांची छापील प्रत द्यायची. आणि आदल्या दुपारी ‘पाणी’ उघडेना. तुम्हाला परवानगी नाही, एवढंच पडद्यावर. मी मशीन बंद करून चालू केलं, वायरी काढून लावल्या. माडीवरून भाऊ ओरडले, “माझ्याकडंपण तेच!” चार वाजता भारनियमन; लाइट जाणार ती रात्रीच येणार. तोवर छापलं नाही, तर ज्या बायकांनी जिवावर उदार होऊन तोंड उघडलं त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं जायचं. मी मामांना फोन केला. ते आले, चपला काढल्या.

“या घरात कोण कुणाशी बोलत न्हाई?”

मी उसळले. “मामा, हे संघटनेचं ऑफिस आहे. इथं सगळे सगळ्यांशी बोलतात. बैठकीत. तोंडावर.”

“बैठकीतलं बोलणं मी धरत न्हाई. चहा मांडा.”

“चहाला वेळ नाही! चारला लाइट जाते!”

“मंग जल्दी मांडा.”

वहिनींनी चहा टाकला. भाऊ खाली आले. मामांनी माझ्या मशीनवरून हाक मारली आणि कान दिला. “मधल्या खोलीतलं ओ देऊन राह्यलंय. जागं आहे. दार आतून लावलेलं आहे.”

“व्हायरस असणार,” भाऊ म्हणाले. “एवढं काय? मी दोन पानांत सगळ्यांचा सारांश लिहून देतो, तो छापा. अधिकारी काय एवढं वाचत बसतात का?”

“सारांश?” मी म्हणाले. “बायकांनी सारांश सांगितला नव्हता, भाऊ.” आणि मी पुन्हा ‘पाणी’वर बोट आपटायला लागले. परवानगी नाही. परवानगी नाही.

मामांनी बशीत चहा ओतला. “वहिनी, तुमच्याकडून उघडून बघितलं का?”

“मलाबी तसंच येऊन राह्यलंय,” वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

मामांनी बशी संपवली, पालथी घातली. मग शांतपणे म्हणाले, “ही पोरगी दुपारपासून दार बडवून राह्यली. भाऊ माडीवरून बडवून राह्यले. अन् तुम्ही, वहिनी, जागच्या हलल्या न्हाई. ज्याच्याकडं चावी असती, तो कशाला बडवील?”

भाऊ हसले. “मामा, अहो हिला काय कळतं त्यातलं?”

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. आधी भाऊंचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, “कळतं. तुमच्या नावाला बंद केलंय. हिच्या नावालाबी. माझ्या नावानं उघडतं.”

मी सुन्न झाले असं लिहायची पद्धत आहे. मी सुन्न वगैरे झाले नाही, मी भडकले. दारावर मी काय चिकटवलंय? आणि आमच्याच घरात कुलूप? “वहिनी, कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?”

“गयाबाईनं,” त्या म्हणाल्या. “मी टाइप केलं, ‘उत्तमराव चावी देत न्हाई.’ जेवणं झाल्यावर उघडलं तर तिथं ‘काही हितसंबंधी घटक सहकार्य करीत नाहीत.’ मला वाटलं, माझंच चुकलं. परत नाव टाकलं. परत गेलं. माडीवरून बदलून राह्यले होते हे. गयाबाईनं जन्मात कधी हितसंबंधी म्हणलंय का? मी ऐकलंय तिला. टेप मागं घेऊन घेऊन ऐकलंय.”

सगळे भाऊंकडं बघायला लागले. भाऊंनी कप खाली ठेवला. “उद्याचा मांडव उत्तमराव देतोय. सतरंज्या, भोंगा, सगळं त्याचं. त्याच्याच मांडवात त्याचं नाव घ्यायचं? प्रश्न पाण्याचा आहे, माणसाचा नाही. डावपेच म्हणून काही असतं का नाही?”

“डावपेच असेल तर बैठकीत का नाही मांडला?” मी म्हणाले. मग वहिनींकडं वळले, “आणि तुम्ही मला का नाही सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू बैठक घेतली असती. बैठकीत ह्यांनी भाषण केलं असतं. अन् भाषण संपल्यावर तूच सगळ्यांत आधी हात वर केला असता.”

  मी मामांवर ओरडले, “मामा, उघडा ते आधी! सगळ्यांना मोकळं करा!”

“सगळ्यांना? मंग भाऊंनाबी?”

हो आणि नाही दोन्ही एकदम तोंडाशी आलं. मामांनी पहिल्यांदाच मला गप्प झालेलं बघितलं, आणि त्यांना त्याचा फार आनंद झाला हे स्पष्ट दिसत होतं.

“बस तू. दिसू द्यायचं वेगळं अन् हात लावू द्यायचा वेगळं. ते मशीनलाबी ठाऊक आहे, तुमच्या दारावरच्या कागदाला न्हाई.” मग ते भाऊंकडं वळले. मान कललेली, आवाज एकदम ऑपरेटरचा. “भाऊ, घर तुमचं, मशीन तुमचं. तुमच्या होकाराशिवाय मी बोट लावणार न्हाई. वाचायला तिघांनाबी मोकळं करतो. बदलायचं फक्त जिनं ऐकून लिहिलं तिच्या हातात. करू?”

 भाऊ उठले आणि जिना चढून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज माडीवर पोचेपर्यंत मामा थांबले. मग म्हणाले, “न्हाई म्हणले न्हाईत. लाव वहिनी तुझं नाव.” एरवी अहो-जाहो करणारे मामा तेवढ्या एका वाक्यापुरते अगं-तुगंवर आले.

वहिनींनी आपल्या नावानं उघडलं. गयाबाईच्या जबानीत ‘उत्तमराव’ जागेवर होता. शेवटच्या प्रती प्रिंटरमधून निघाल्या, मी त्या टाचत होते आणि पंखा थांबला. लाइट गेली होती. मामा सायकलवर बसून निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी मांडव आला. उत्तमरावाला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं सतरंज्याही आल्या, भोंगाही आला आणि पुढच्या खुर्चीत तो स्वतःही येऊन बसला. जबान्या वाचायचं काम ठरल्याप्रमाणं भाऊंचं. अधिकाऱ्यांच्या हातात प्रती, बायका खाली सतरंजीवर. भाऊ एकेक वाचत गेले. गयाबाईची जबानी आली तसा त्यांचा आवाज खाली गेला. नाव त्यांनी घेतलं, पण तोंडातल्या तोंडात, घोट गिळल्यासारखं.

गयाबाई उठून उभी राहिली. “भाऊ, नाव परत वाचा. मागं ऐकू न्हाई आलं.”

 भाऊंनी कागदाकडं बघितलं. तो कागद त्यांना बदलता येणार नव्हता. त्यांनी भोंग्याचा माइक तोंडाजवळ घेतला आणि वाचलं, “उत्तमराव चावी देत नाही.” ते उत्तमरावाच्याच भोंग्यातून निघालं आणि माळावरच्या मेंढरांपर्यंत गेलं. आणि हेही ठणकावून लिहिते, की त्यानंतरच्या जबान्या भाऊंनी अशा वाचल्या, की मला ते कॉलेज सोडायला लावणारं भाषण आठवलं.

अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं उत्तमरावाकडून लिहून घेतलं : रोज सकाळी वस्तीला पाणी सोडीन. दोन दिवसांत पाणी आलं. आणखी चार दिवस पाहून मी तालुक्याच्या टेलिफोन बूथवरून मामांना फोन लावला. ते फोन उचलला की हॅलो म्हणत नसत.

“बोला, लाइन मोकळी आहे.”

मी सगळं सांगितलं. भोंगा, गयाबाई, ‘परत वाचा’, सगळं. 

“पाणी आलं का वस्तीत?”

“आलं! रोज येतंय!”

“चावी कुणाकडं?”

“त्याच्याच ओसरीत आहे, पण मामा, आता त्यानं लेखी दिलंय, आता त्याची हिंमत…”

“ए पत्रक. आधी चावी.” आणि फोन बंद.

मी त्या बूथमध्ये रिसीव्हर हातात धरून मामांना शिव्या घातल्या. बूथवाला बघत राहिला. मग मी आल्या पावली जालन्याला परत गेले आणि वहिनींना म्हणाले, “वहिनी, एका वाक्याचं पत्रक काढायचंय. वॉलची चावी वस्तीत पाहिजे. खाली तुमचं नाव टाका.” वहिनींनी टाइप केलं. भाऊंनी माडीवरून ते उघडून वाचलं असणार, कारण खाली येऊन त्यांनी गठ्ठा उचलला आणि माझ्याबरोबर धावड्याच्या बसमध्ये चढले.

ती चावी मिळवायला ते पत्रक, दोन मोर्चे आणि एक अख्खा उन्हाळा लागला. त्याबद्दल मी वेगळं आणि पुष्कळ रागानं लिहिलेलं आहे. चावी मिळाली त्या संध्याकाळी मी पुन्हा त्याच बूथवर गेले.

“बोला, लाइन मोकळी आहे.”

“मामा, चावी वस्तीत आली. गयाबाईच्या कमरेला आहे.”

“सोडतं कोण?”

“तीच.”

“अन् बंद?”

“बंदपण तीच करते.”

 पलीकडं ते मान कलवून ऐकतायत, हे मला इथून दिसत होतं.

“बराबर,” मामा म्हणाले. “सोडतो लाइन.”